नवजात बाळ, सोबत कुत्रा आणि रोजची कच्ची वाट: बाबागाडी कुठली घ्यावी?

पायवाट
नमस्कार मंडळी. दीड महिन्यात घरात बाळ येतंय. घरात २८ किलोचा लॅब्रेडॉर आहे, त्याला रोज दोन वेळा पाऊण-एक तास फिरवावंच लागतं. वाट अशी आहे: सुरुवातीला खडी, मग ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडलेला मातीचा रस्ता, मध्ये एक अरुंद फाटक, पुढे गवत आणि एक बऱ्यापैकी खडा उतार. पाऊस झाला की चिखल. वाट गोल फिरून घराशी येते.

बाळ पहिल्या महिन्यापासून सोबत न्यायचं आहे. जाणकारांनी नीट सांगावं:
तीन चाकं की चार? हवेचे टायर की भरीव? कार सीट फ्रेमवर अडकवून चालेल की वेगळा कॅरीकॉट (फ्रेमवर बसणारा सपाट पाळणा) हवाच? आणि हँडलला कुत्र्याची लीश (धरायची दोरी) अडकवायचा हुक मिळतो, तो घ्यावा का? कधीकधी गाडी कारमधून न्यावी लागेल. कुत्रा डिकीत बसतो, तेव्हा घडी किती होते हाही प्रश्न आहेच.

खडीसाखर
आधी बाळाचं बघा, चाकांचं नंतर.

नवजात बाळाला सपाट झोपवणं गरजेचं आहे. डोकं जड, मान अजून धरलेली नाही. बसक्या अवस्थेत हनुवटी छातीवर आली की श्वासनलिका दबते, आणि बाळ त्याचा आवाजही करत नाही. म्हणून कॅरीकॉट हवाच. युरोपीय मानकांत कॅरीकॉटसाठी ईएन १४६६ आहे: ९ किलोपर्यंत, आणि ज्या बाळाला आधाराशिवाय बसता येत नाही, कुशीवर वळता येत नाही, हातगुडघ्यांवर उठता येत नाही अशाच बाळासाठी. यातली एकही गोष्ट जमायला लागली की कॅरीकॉट बंद, मग वय काहीही असो. साधारण पाच-सहा महिने धरून चाला.

गाडीच्या फ्रेमचं आणि सीटचं मानक ईएन १८८८. त्याचा पहिला भाग १५ किलोपर्यंतच्या मुलांसाठी, दुसरा २२ किलोपर्यंत. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांवर एएसटीएम एफ८३३ दिसेल. ‘जन्मापासून चालते’ असं सीटबद्दल लिहिलेलं असेल तर एक गोष्ट तपासा: पाठ आणि बैठक यांच्यातला कोन १५० अंश किंवा जास्त उघडायला हवा. त्यापेक्षा कमी उघडणारी सीट सहा महिन्यांआधी वापरायची नाही. पण तुमच्या वाटेसाठी १५० अंशांची सीटसुद्धा मी सुचवणार नाही. कापडी सीट झोळीसारखी खाली वाकते आणि प्रत्येक हिसक्याला बाळ कुठल्यातरी एका बाजूला सरकतं. कॅरीकॉटला कडक तळ आणि उभ्या भिंती असतात.

कार सीट फ्रेमवर अडकवणं हे कारमधून दुकानापर्यंत जायला ठीक. पाऊण तास खडीवर नाही. त्यात बाळ मुटकुळं करून बसलेलं असतं आणि वरून हादरे. उलटंही लक्षात ठेवा: कॅरीकॉट कारमध्ये बाळासकट न्यायचा नसतो, कारसाठी वेगळा मान्यताप्राप्त असेल तरच.

गादी कॅरीकॉटसोबत आलेलीच वापरा, वर जास्तीची मऊ दुलई घालू नका. बाळ उताणं, पाय कॅरीकॉटच्या पायथ्याला टेकलेले, पांघरूण छातीपर्यंत आणि कडेला खोचलेलं. ऊन लागतंय म्हणून गाडीवर ओढणी किंवा दुपटं टाकायची सवय फार जणांना असते. तसं अजिबात करू नका. हवा कोंडते आणि आतलं तापमान झपाट्याने वाढतं, पातळ कापडानेही. मोठं हूड असलेली गाडी घ्या, त्यात मागे जाळीची खिडकी असेल तर उत्तम. पावसाचं प्लास्टिक पाऊस थांबल्याबरोबर काढायचं. बाळ गरम झालंय का हे मानेच्या मागे हात लावून बघा, हातपाय थंड असतातच.

बाळ वेळेआधी जन्मलं किंवा वजन कमी असेल तर कच्च्या वाटेवर कधी न्यायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

तेलपाणी
चाकांचं मी सांगतो.

कच्च्या वाटेवर गाडी ‘रग्ड’ होते ती मुख्यतः चाकाच्या व्यासाने आणि टायरमधल्या हवेने. स्प्रिंगचं सस्पेन्शन जाहिरातीत मोठं दिसतं, पण खडीच्या बारीक थरथरीत हवेचा टायर जास्त काम करतो. स्प्रिंग मोठ्या खड्ड्याला उपयोगी. त्यातही स्प्रिंग १५ किलोच्या मुलाच्या हिशेबाने बनवलेली असली तर ४ किलोच्या बाळाखाली ती दबतच नाही. काही गाड्यांत स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करायची सोय असते. ती सर्वांत मऊवर ठेवा.

मागची चाकं १६ इंच, पुढचं १२ इंच ही या कामाची नेहमीची जोडी. थूल अर्बन ग्लाइड २ सारख्या गाड्यांत हेच माप आहे. मागे १२ इंच असलेल्याही बऱ्याच चांगल्या गाड्या आहेत, त्या हलक्या आणि घडीला लहान. खडी आणि गवताला त्या पुरतात, खोल चाकोरीत मात्र अडतात. ६-७ इंची पुढच्या चाकांची शहरी गाडी इथे आणूच नका. लहान चाक दगडावर चढत नाही, दगडाला अडतं, आणि गाडी पुढे झुकते.

तीन की चार? तीन चाकं. पुढचं एकच मोठं चाक असलं की हँडल थोडं दाबून ते अडथळ्यावरून उचलता येतं, आणि चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावर ते छान चालतं. तोटा एकच: आडव्या उतारावर तीन चाकी गाडी चार चाकीपेक्षा लवकर कलंडते. उतार तिरका कापत जाऊ नका, सरळ चढा किंवा सरळ उतरा.

पुढचं चाक फिरतं असावं पण लॉक होणारं असावं. फिरतं चाक खडीवर किंवा उतारावर वेग वाढला की डावी-उजवी फडफडायला लागतं आणि सगळी फ्रेम थरथरते. तिथे ते सरळ करून लॉक करायचं. लॉक केल्यावर वळताना हँडल दाबून पुढचं चाक किंचित उचलायचं आणि गाडी फिरवायची. जोर लावून तसंच ढकलत वळवलं तर चाकाच्या फोर्कवर (चाक धरणाऱ्या दुभागलेल्या दांडीवर) ताण येतो आणि कालांतराने तो सैल होतो. लॉक केल्यावरही गाडी एकाच बाजूला जात असेल तर आधी मागच्या दोन्ही टायरांतली हवा सारखी आहे का बघा. बहुतेक वेळा तेच कारण असतं. हवा सारखी असूनही ओढ घेत असेल तर बऱ्याच मॉडेलांत पुढच्या अ‍ॅक्सलजवळ (चाकाच्या आसाजवळ) समायोजनाचा स्क्रू किंवा नॉब असतो. तो थोडाथोडा फिरवून मोकळ्या सपाट जागेवर दहा पावलं गाडी सोडून बघायची. रिकामी, अर्थातच.

हवा किती? टायरच्या कडेवर लिहिलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. नवजात बाळाचं वजन काहीच नसतं, तेव्हा त्या आकड्यापर्यंत भरलं तर गाडी चेंडूसारखी उडते. कमाल ३० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) असेल तर १८-२० वर सुरुवात करा. अंगठ्याने जोरात दाबल्यावर टायर थोडा दबला पाहिजे. पण फारच कमी केली तर दोन गोष्टी होतात: दगडावर आपटल्यावर ट्यूब रिमच्या कडेत चिमटते आणि तिला दोन समांतर चिरा पडतात, किंवा टायर रिमवर सरकतो आणि व्हॉल्व्ह तिरका होऊन मुळाशी फाटतो. व्हॉल्व्ह तिरका दिसला की लगेच हवा सोडून टायर सरळ करा. पंपावरच्या कॉम्प्रेसरने हवा भरू नका. ट्यूब इतकी छोटी असते की दोन सेकंदांत फुटते. हातपंप बरा.

आणि ब्रेक. पायाचा पार्किंग ब्रेक एका दाबात दोन्ही मागची चाकं अडकवणारा हवा. तुमच्याकडे खडा उतार आहे, म्हणून हँडलवरचा हाताचा ब्रेकही हवा, वेग आवरायला. मनगटाचा पट्टा फ्रेमला पक्का बांधलेला असतो, तो उतारावर घालायचाच. दुकानात ही परीक्षा घ्या: गाडीत वजन ठेवून, पार्किंग ब्रेक लावून उताराच्या रॅम्पवर उभी करा आणि हँडल पुढे ढकला. चाकं घसरली तर चालेल, फिरली तर ती गाडी नको.

शेपूटवाला
हुकाच्या प्रश्नाला सरळ उत्तर: नाही. लीश बाबागाडीला कधीच बांधायची नाही. हँडललाही नाही, फ्रेमलाही नाही, ‘दोनच मिनिटं’ म्हणूनही नाही.

२८ किलोचा कुत्रा दुसऱ्या कुत्र्याकडे झेपावला तर तो बाजूला ओढतो, आणि तीन चाकी गाडी नेमकी बाजूलाच कमजोर. बाळासकट कॅरीकॉट आणि फ्रेम मिळून वीसेक किलो. ओढणारा त्याहून जड. ब्रेक लावलेला असला तरी गाडी कलंडायची ती कलंडतेच. दुसरं कारण गाईगुरांचं. कुरणातल्या गाई बहुतेक वेळा कुत्र्यामागे येतात. त्या अंगावर आल्या तर लीश सोडून द्यायची असते, कुत्रा पळून सुटतो. लीश गाडीला असेल तर तुम्ही सोडणार काय?

मग लीश कुठे? माझं मत कंबरेच्या रुंद पट्ट्याला, ताण असताना एका ओढीत सुटणाऱ्या हुकासह. लीश सव्वा ते दीड मीटर. लांब होणारी दोरीची लीश घरीच ठेवा. ती बारीक दोरी मागच्या अ‍ॅक्सलभोवती गुंडाळली की कुत्रा चाकाकडे खेचला जातो. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीवर पुढे कडी असलेला हार्नेस घाला. पुढून ओढ लागली की कुत्रा वळतो, जोर लावता येत नाही.

कुत्र्याची जागा ठरलेली हवी: मागच्या चाकाच्या मागे, तुमच्या मांडीशी, कायम एकाच बाजूला. शेजारी पुढे चालू दिलं तर पंजा चाकाखाली येतो, कारण मागची चाकं फ्रेमच्या बाहेर आलेली असतात आणि कुत्र्याला त्याचा अंदाज नसतो. एकदा चेंगरला की तो गाडीलाच घाबरतो, मग सगळी मेहनत पाण्यात.

तुमच्याकडे दीड महिना आहे, तो वाया घालवू नका. गाडी आत्ताच आणा. आधी घरात उभी ठेवा, कुत्र्याला हुंगू द्या, शांत राहिला की खाऊ. मग अंगणात रिकामी गाडी मागेपुढे. मग कॅरीकॉटमध्ये ४ किलो वाळूची पिशवी ठेवून दहा मिनिटांची वाट, लीशसकट. रोज थोडी थोडी वाढवा. ‘थांब’ म्हटलं की कुत्रा बसला पाहिजे, आणि तुमचा पाय ब्रेकवर गेला पाहिजे. हा क्रम दोघांच्याही अंगवळणी पडायला हवा. विष्ठा उचलायला वाकता तेव्हा हात हँडलवर नसतो, तेव्हा आधी ब्रेक, गाडीचं तोंड उताराकडे नाही, मग पिशवी.

या सरावात वाळूची पिशवी गादीवरून उडते का तेही बघत चला. उडत असेल तर हवा कमी करा किंवा तो तुकडा वगळा.

अवखळ_वारा
@शेपूटवाला, बाकी सगळं पटलं, कंबरेचा पट्टा मात्र सरसकट सांगू नये असं वाटतं. बाळंतपणानंतर पोटाचे आणि कंबरेचे स्नायू सैल असतात, सिझेरियन असेल तर टाकाही असतो. तिथे २८ किलोच्या कुत्र्याचा हिसका नको. शिवाय मनगट गाडीला बांधलेलं आणि कंबर कुत्र्याला, चिखलात पाय घसरला तर माणूस पडताना गाडीही ओढणार. ओढणारा कुत्रा असेल तर पहिले काही आठवडे दोन माणसं: एकाकडे गाडी, एकाकडे कुत्रा. एकट्याने जायची वेळ आली तर लीश हातात, मनगटाला वेढा न घालता नुसती मुठीत, म्हणजे सोडता येते.

शेपूटवाला
मान्य. बाळंतीण एकटी जाणार असेल तर कंबरेचा पट्टा नकोच. आणि सैल लीशवर न ओढता चालणारा कुत्रा नसेल तर कुठलाच पट्टा उपाय नाही, आधी शिकवणं.

पायवाट
खूप उपयोगी. दोन उपप्रश्न. काट्यांची वाट आहे, मग फोमचे भरीव टायर बरे नाहीत का? आणि गाडीऐवजी सुरुवातीला बाळ स्लिंगमध्ये (अंगाला बांधायच्या झोळीत) घेतलं तर?

खडीसाखर
स्लिंग सपाट, कोरड्या वाटेवर उत्तम. अशा बहुतेक स्लिंगना बाळाचं किमान वजन ३.२ ते ३.५ किलोच्या दरम्यान दिलेलं असतं, ते बघा. बाळ घट्ट आणि उभं, चेहरा तुम्हाला सतत दिसेल असा, मान झुकवली तर टाळूचा पापा घेता येईल इतकं वर, हनुवटी छातीपासून सुटी, पाठीला आधार. पण ओढणारा कुत्रा आणि चिखल असेल तर नको. पडलात तर बाळ तुमच्या खाली येतं. कुत्रा दुसऱ्याच्या हातात असेल तेव्हा स्लिंग.

तेलपाणी
फोमचे टायर पंक्चर होत नाहीत हे खरं, पण नवजात बाळासाठी खडीवर ते कडक पडतात. हवा कमी करायची सोयच नाही. डांबरी रस्ता जास्त आणि माती कमी असती तर फोम म्हटलं असतं.

काट्यांवर उपाय सीलंटचा. ट्यूबला मोटारीसारखा जाड व्हॉल्व्ह असेल तर आतली पिन छोट्या चावीने काढा, सीलंट ओता, पिन बसवा, हवा भरा, चाक फिरवा. बारीक काट्याची भोकं आपोआप बुजतात. चिमटून पडलेल्या चिरा बुजत नाहीत, म्हणून सोबत एकेक ट्यूब ठेवा. टायरच्या कडेवरचं माप वाचून घ्या: १२ इंची म्हणतात त्यावर बहुधा १२½ × २¼ म्हणजे ६२-२०३ (मिमीमध्ये टायरची रुंदी आणि रिमचा व्यास) असतं, १६ इंचीवर १६ × १.७५ म्हणजे ४७-३०५. तुमच्या टायरवर जे असेल तेच घ्यायचं. छोट्या चाकासाठी वाकड्या व्हॉल्व्हची ट्यूब मिळाली तर घ्या, सरळ व्हॉल्व्हवर पंपाचं तोंड स्पोकमध्ये बसत नाही. प्लॅस्टिकचे दोन टायर लिव्हर (टायर रिमवरून काढायच्या पट्ट्या) आणि छोटा हातपंप, बस्स. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवा. काटा आतच राहिलेला असतो आणि नवी ट्यूब पाच मिनिटांत जाते.

सगळं सामान खालच्या टोपलीत ठेवा, हँडलला पिशवी लटकवू नका. बाळ हलकं, मागे पिशवी जड, आणि बाळाला उचललं की गाडी मागे उलटते. टोपलीलाही वजनाची मर्यादा असते, पुस्तिकेत बघा.

चिखलवाटा
घडीचा आणि फाटकाचा मुद्दा राहिला.

फाटक आज टेपने मोजा, सर्वांत अरुंद जागी. १६ इंची मागच्या चाकांच्या गाड्या ६५ ते ७० सेंमी रुंद असतात. फाटक ६८ आणि गाडी ६९ असेल तर रोज दोन वेळा गाडी उचलावी लागेल, आणि ११-१२ किलोची फ्रेम एकट्याने बाळासकट उचलायची नाही. उचलावंच लागलं तर आधी कॅरीकॉट काढून पलीकडे सपाट जागी, मग गाडी. कुत्रा तेवढा वेळ खुंटाला बांधलेला किंवा बसवलेला.

कारसाठी घडीचं माप चाकं लावून आणि चाकं काढून असं दोन्ही घ्या. कॅरीकॉट विसरू नका. काही मॉडेलांत तो चपटा होतो, काहींत पाऊण मीटर लांबीचा कडक डबाच राहतो. डिकीत कुत्रा असेल तर घडी मागच्या सीटवर येणार, तिथे ती सीटबेल्टने बांधा. मोकळी फ्रेम जोराच्या ब्रेकला पुढे फेकली जाते. चिखलाची चाकं बटण दाबून निघतात, ती वेगळ्या गोणीत टाका.

चाक परत लावताना ‘टक’ आवाज झाला तरी एकदा बाहेर ओढून बघा. अ‍ॅक्सलच्या भोकात माती बसली की चाक लागल्यासारखं वाटतं पण अडकलेलं नसतं. पुढच्या चाकाला सायकलसारखी खटक्याची दांडी असेल तर तिथे जास्त काळजी. दांडी सैल राहून पुढचं चाक निसटणं हा या गाड्यांचा सर्वांत वाईट बिघाड आहे, कारण गाडी क्षणात पुढे गचकते.

धुताना बादली आणि ब्रश. जोराच्या पाण्याची नळी बेअरिंगमधलं ग्रीस उडवते आणि माती आत ढकलते, महिन्याभरात चाक कुरकुरायला लागतं. वाळल्यावर अ‍ॅक्सलवर सिलिकॉनचा फवारा. साधं तेल नको, त्याला धूळ चिकटते.

जुनी घेणार असाल तर घडीच्या बिजागरीजवळ फ्रेमला बारीक तडा आहे का, टायरची कड कोरडी होऊन भेगाळली आहे का, चाक धरून आडवं हलवलं तर खडखडतं का हे बघा. आणि कॅरीकॉटचा अ‍ॅडॅप्टर (तो फ्रेमवर बसवायचा जोड) सोबत आहे ना याची खात्री करा. एकाच नावाच्या गाडीचे वेगवेगळ्या वर्षांचे अ‍ॅडॅप्टर एकमेकांना बसत नाहीत, आणि दोरीने बांधून काम चालवायची ही जागा नव्हे.

पायवाट
फाटक मोजलं, ७४ सेंमी आहे. म्हणजे १६ इंची चालेल. त्या खड्या उताराचं काय करावं? ब्रेक असला तरी धाकधूक आहे.

तेलपाणी
७४ असेल तर निवांत. उताराबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही. कॅरीकॉटमध्ये बाळाचं तोंड तुमच्याकडे असतं, म्हणजे पाय हँडलकडे आणि डोकं पुढे. उतरताना डोकं पायांपेक्षा खाली जातं आणि बाळ हळूहळू पुढच्या भिंतीकडे सरकतं. चढताना उलट, डोकं वर राहतं. तुमची वाट गोल आहे ना? मग फेरीची दिशा बदला, म्हणजे तो खडा तुकडा चढायला येईल आणि परतीचा उतार लांबट, सौम्य मिळेल. चढ संपला की थांबून बाळाला परत मधोमध घ्या.

धावायचा विचार असेल तर तो सहा महिन्यांनंतर, तोही तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत परवानगी असेल तर. तोवर चालणंच. कुत्र्याला पळवायचं असेल तेव्हा गाडी घरी.